गिअरच्या दांड्यातला बाक

वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात सत्तावीस वर्षं काढली. बाहेरच्या छोट्या वर्कशॉपांतून सुटे भाग यायचे. ते मापून बघायचे आणि मापात नसतील ते परत पाठवायचे, एवढंच माझं काम. माल परत पाठवण्यात माझा हात जरा सढळच होता. पण एका वर्कशॉपातून येणारे काही भाग मला कधीच परत पाठवता आले नाहीत. ते मापात असायचेच, शिवाय त्यांच्या प्रत्येक कडेवरून कुणीतरी हलकी कानस फिरवलेली असायची, बोट कापू नये म्हणून. ड्रॉइंगमध्ये तसं कुठं लिहिलेलं नसायचं. तो टर्नर कोण, हे मी कधी विचारलं नाही. आता त्याची लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर सासऱ्यांची जुनी गाडी माझ्याकडं आली. तिचा गिअर इतका खिळखिळा झाला होता की पहिला समजून टाकावा तर तिसरा पडायचा. दोन-तीन मेकॅनिकांनी हात जोडले. शेवटी एकानं रोशन गेटजवळच्या एका गल्लीतला पत्ता सांगितला. दुकान म्हणजे एक लांबट खोली, आत एक लेथ, एक शेगडा, पॉलिशचं चाक आणि रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवलेले लोखंडी भाग. पांढऱ्या दाढीचा, किडकिडीत म्हातारा माणूस स्टुलावर बसला होता. त्यानं माझं काम ऐकून घेतलं आणि दांडा ज्यात फिरतो ते पितळी बुश, नुकतंच तयार केलेलं, नमुना म्हणून माझ्या हातावर ठेवलं. मी सवयीनं कडेवरून बोट फिरवलं. बोटाला धार लागली नाही.

मी त्या वर्कशॉपचं ठिकाण सांगून विचारलं, "तुम्ही तिथं होतात का?"

"हौ. लई साल होतो. तुमाला कसं कळलं?"

मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मग तुम्ही ते वाळूजवाले कडक साहेब." त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणतात आणि मी त्यांना चाचा म्हणतो. माझ्या गाडीचं काम चार दिवसांत झालं, पण मी पाचव्या दिवशीही गेलो. मग सकाळी दहा ते एक तिथं जाणं हा माझा नेमच झाला.

चाचांचं काम सांगायला हवं. आपल्याकडच्या जुन्या मोटारींना गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असायचा. पुष्कळांना तो आवडायचा नाही. मग तो काढून खाली, दोन सीटांच्या मधे, नवा दांडा बसवून घ्यायची पद्धत पडली. त्याला फ्लोअर गिअर म्हणत. हे जोड मूळ कंपनी देत नसे. गावोगावचे छोटे कारखानदार ते ओतून, कातून, क्रोम चढवून विकायचे. प्रत्येकाची घडण वेगळी, मूठ वेगळी. ते कारखाने कधीच बंद पडले, भाग मिळत नाहीत. ज्यांनी अशा गाड्या जपल्यात त्यांचे झिजलेले गिअर पार्सलनं चाचांकडं येतात. चाचा ते पूर्ण उघडतात, दांड्याच्या खालचा झिजलेला गोळा नव्यानं कातून बसवतात, बुश बदलतात, स्प्रिंग करून घेतात. गोळा वाटीत नीट बसला का हे बघायला त्याला निळा रंग लावून फिरवतात आणि रंग जिथं उमटतो तिथं केसाएवढं खरवडतात. एका गोळ्याला अर्धा दिवस जातो. एकदा मी मायक्रोमीटर लावून म्हणालो, "चाचा, हा तर मापात आहे, आणखी काय खरवडताय?" ते म्हणाले, "मापात हाय. पन हाताला अजून गोड लागत नाय."

गेल्या हिवाळ्यात करमाडकडच्या एक बाई आल्या. सत्तरीच्या आतबाहेर, उंचीनं अगदी लहान, नऊवारी नेसलेल्या. एसटीनं आल्या होत्या आणि पोत्यात गुंडाळलेला गिअर स्वतःच्या काखेत धरून आणला होता. मी त्यांना काकू म्हणालो. त्यांची रोपांची वाडी होती, मोसंबीची, लिंबाची. मालक वारल्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती. इंजिन पुतण्यानं चालू करून दिलं, पण गिअर पडत नव्हता.

"नीट करून द्या," त्या म्हणाल्या. "मला चालवायची हाय. लायसन अजून चालू हाय माझं."

चाचांनी गिअर हातात घेऊन हलवून बघितला आणि "होईल" म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांना बिडकीनला नात्यातल्या लग्नाला जायचं होतं. किल्ली माझ्याकडं देऊन म्हणाले, "साहेब, खोलून धुवून ठेवा. बाकी मी येऊन बघतो."

मी खोलून धुतला. गोळा एका बाजूनं झिजलेला होता, बुश फुटलेलं होतं. आणि दांडा वाकडा होता. मधोमध पुढच्या बाजूला चांगला चार बोटं बाक होता. मला वाटलं, कधीतरी गाडीत काहीतरी जड पडलं असणार. सत्तावीस वर्षं सरळ आणि वाकडं एवढंच बघत आलेल्या माणसाला असा दांडा समोर ठेवून बसवत नाही. चाचा येण्याआधी एवढं तरी काम उरकावं, त्यांनी बघून बरं म्हणावं, असं मनात आलं. मी शेजारच्या दुकानातल्या प्रेसवर नेऊन दांडा सरळ केला. बाकाच्या जागचा क्रोम पापुद्र्यासारखा उडाला. तसाही नव्यानं क्रोम चढवायचा होताच. सपाट फरशीवर दांडा लोळवून बघितला तर त्याच्याखालून कुठं उजेड दिसत नव्हता. मी खूश होतो.

चाचा तीन दिवसांनी आले. दांडा बघितला. टेबलावर पडलेला क्रोमचा पापुद्रा बोटाच्या टोकानं उचलून उजेडात धरला.

"हा कुठला, साहेब?"

"बाकाच्या जागचा."

"तिथं क्रोम शाबूत होता?"

"होता. सरळ करताना उडाला."

ते स्टुलावर बसले. आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, "मग दांडा वाकल्यावर क्रोम चढला, का क्रोम चढल्यावर दांडा वाकला?"

मला एका क्षणात सगळं कळलं. क्रोम चढवलेला दांडा नंतर वाकला असता तर बाकापाशी क्रोम तडकला असता. तो अखंड होता, म्हणजे दांडा आधी मुद्दाम वाकवला होता आणि मग त्यावर क्रोम चढवला होता. कुणीतरी विचार करून, पैसे देऊन तो बाक करून घेतला होता. मी तो मोडून टाकला होता. आयुष्यभर तपासणीचं काम केलेल्या माझ्या डोळ्यांना ते दिसायला हवं होतं. मी म्हणालो, "चाचा, खोलण्याआधी मी फोटो काढलाय." पण फोटो वरून काढलेला होता. त्यात बाक किती आणि कुठं, काहीच कळत नव्हतं.

चाचा मला एक शब्दही टाकून बोलले नाहीत. म्हणाले, "चला, करमाडला जाऊ. ज्याची चीज हाय त्याला विचारू."

जालना रोडनं जाताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. काकू वाडीत रोपांना पाणी देत होत्या. मी सुरुवात केली, "काकू, एक चूक झालीय, माझ्या हातून..." तेवढ्यात चाचांनी मला थांबवलं. "दुकान माझं हाय, बाई. दुकानात झाली ती गलती माझी. तुमचा दांडा आम्ही सरळ केला. तो मुद्दाम वाकवलेला होता ना?"

काकूंनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "व्हय. माझ्यासाठी वाकवला होता."

त्यांनी आम्हाला शेडमध्ये नेलं. गाडीवरची हिरवी जाळी काढली. काळी गाडी होती, धुतलेली, आत मागच्या सीटवर अजून मातीचे डाग होते. रोपं त्याच सीटवरून बाजाराला जायची. आधी मालक गाडी चालवायचे. मग त्यांची नजर अधू झाली. घरात दुसरं चालवणारं कुणी नव्हतं, आणि रोपं विकली नाहीत तर वाडी बसणार होती. तेव्हा चाळिशीत असलेल्या काकूंना त्यांनी शेतातल्या रस्त्यावर गाडी शिकवली. काकूंचे पाय पुरत नसत म्हणून सीट पार पुढं ओढावी लागायची. आणि सीट पुढं आली की दुसरा गिअर टाकताना दांडा सीटवर आदळायचा, गिअर अर्धवट राहायचा.

"एकदा चढावर गाडी मागं आली," काकू सांगत होत्या. "मी घाबरून म्हनले, आता मी नाय चालवनार. ह्यांनी काय केलं, दुसऱ्या दिवशी दांडा काढून घेऊन गेले शहरात. आठ दिवसांनी आनला तर असा वाकडा. बसवून म्हनले, आता टाक दुसरा."

"पडला?" चाचांनी विचारलं.

"लोन्यासारका."

त्यानंतर वीस-बावीस वर्षं त्या आठवडी बाजार करत होत्या. मालक शेजारी बसायचे, त्यांना रस्ता दिसायचा नाही, पण इंजिनच्या आवाजावरून गिअर बदलायची वेळ सांगायचे.

मी मान खाली घालून उभा होतो. चाचांनी गिअर काढलेल्या जागच्या फटीतून वाकून बघितलं आणि काकूंना आत बसायला सांगितलं. सीट नेहमीच्या जागी ओढायला लावली. मग म्हणाले, "डोळे मिटा. गाडी चालू हाय समजा. आता दुसरा टाका."

काकूंनी डोळे मिटले. डावा पाय क्लचवर गेला. डावा हात रिकाम्या हवेत पुढं झाला आणि मागं आला. तळहात एका जागी येऊन थांबला, बोटं न दिसणाऱ्या मुठीभोवती वळली. चाचांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तीच जागा. तिसऱ्यांदा मी खिशातली टेप लावून बघितलं. दोन बोटांचाही फरक नव्हता. सहा वर्षं गाडी बंद होती, तरी त्या हाताला जागा पाठ होती. चाचांनी सोबत आणलेली जाड तार गाडीच्या तळापासून त्यांच्या तळहातापर्यंत हळूहळू वाकवत नेली. सीटची कड चुकवून तार तळहातात पोचली तेव्हा काकूंनी डोळे न उघडताच म्हटलं, "हां, हेच."

तो तारेचा साचा घेऊन आम्ही परत आलो. जुनाच दांडा पुन्हा वाकवावा असं चाचांच्या मनात होतं. मी म्हटलं, आधी तपासू. दांडा रॉकेलमध्ये बुडवून पुसला, वर खडूची पूड लावली आणि थांबलो. थोड्या वेळानं पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक ओली रेघ उमटली. बाकाच्या जागी तडा गेला होता, त्यात मुरलेलं रॉकेल वर आलं होतं. चढावर कधीतरी तो दांडा काकूंच्या हातात तुटला असता.

चाचांनी ती रेघ बराच वेळ बघितली. मग कोपऱ्यातली चांगल्या पोलादाची सळई काढून माझ्यासमोर ठेवली. "दांडा तुम्ही करा, साहेब. गोळा मी करतो."

मी नको म्हणालो. एवढं बिघडवल्यावर त्यांनी तो दांडा माझ्या हातात द्यावा, हे मला झेपत नव्हतं. ते म्हणाले, "ज्यानं तडा शोधला, त्याचा हात आता जपून चालल."

मला आठ दिवस लागले. सळई कातली, वर मुठीसाठी आटे पाडले, मग तापवून थोडा थोडा बाक देत दर वेळी तारेच्या साच्याला लावून बघितला. चाचा समोर बसून गोळा खरवडत होते आणि माझ्याकडं अजिबात बघत नव्हते. मी चुकलो असतो तर त्यांनी अडवलं असतं, एवढं मला माहीत होतं. एकदाच ते उठून आले, दांड्याच्या मानेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथं जरा अजून. बाईचा हात हाय." बाक पक्का झाल्यावरच दांडा क्रोमला गेला. जुनी मूठ तेवढी तशीच ठेवली. ती काकूंच्या तळहातानं एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाली होती. चाचांनी तिला पॉलिशसुद्धा केलं नाही.

गिअर बसवायला आम्ही दोघं गेलो. दुपारपर्यंत काम झालं. काकूंनी पदर खोचला, सीट ओढली, गाडी चालू केली. चाचा शेजारी बसायला निघाले तर त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबा. मी एकटी जाऊन येते."

मी घाबरलो. इतक्या वर्षांनी, एकट्या, आणि पुढं जालन्याचा हमरस्ता. पण चाचा बाजूला झाले. गाडी वाडीच्या फाटकातून बाहेर पडली आणि बाभळींच्या आड गेली. चाचा बांधावर टेकले, मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिले.

"दुसरा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तिसरा." चढाजवळ आवाज खाली आला. चाचांनी हात वर केला, "दुसरा. साफ पडला." मग आवाज पार विरला.

पंचवीस मिनिटं झाली. मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. चाचा बांधावरच बसून लिंबाच्या रोपाचं पान चुरगाळून वास घेत होते. शेवटी गाडी धुरळ्यातून आली, शेडसमोर थांबली. काकू उतरल्या. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती.

"घरात दूध नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमाला बिनदुधाचा चहा कसा द्यावा?"