चुलीमागे एक थैली

भूकंप म्हणजे आमच्याकडे पेपरात वाचायची गोष्ट. त्या सकाळी मुर्री गावातल्या माझ्या घरात पंखा डुलला, मांडणीवरची भांडी वाजली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. कुणी लेकराला कडेवर घेतलं होतं, कुणी म्हाताऱ्या आईला धरलं होतं. मी फाटकाला धरून उभी राहिले. पुण्याहून मुलीचा मेसेज आला, 'सेफ?' मी अंगठा पाठवला. झाला आमचा भूकंप.

दरेकसाच्या बाजूला मात्र तो तसा संपला नव्हता. डोंगरातल्या वस्त्यांमधली घरं मातीची. भिंती फुगल्या, कोपरे सुटले, छपरांवरचे कवेलू घसरले. कुणी दगावलं नाही, म्हणून टीव्हीवाले तिकडे फिरकले नाहीत. रविवारी चर्चमधली उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी विषय काढला आणि मंडळीनं थैल्या भरायचं ठरवलं. तांदूळ, लाखोळीची डाळ, तेल, मीठ, वर एक ताडपत्री. वाटायला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. चर्चमध्ये एकट्या बाईचा हा मोठा उपयोग असतो. नवरा वारलेला, शाळेची नोकरी संपलेली, घरी ताटावर वाट पाहणारं कुणी नाही. पाठवा तिला कुठंही! मी तोंड वाकडं केलं आणि गेले. घरी बसून तरी कोणाचं तोंड पाहणार होते?

वाटपाचा नियम सोपा होता, चुलीमागे एक थैली. इकडे दारं मोजून भागत नाही. एकाच अंगणात तीन भावांच्या तीन चुली पेटतात, तर कुठे दोन घरं मिळून एकाच चुलीवर जेवतात. चूल विचारली की कुटुंब कळतं. आमचा टेम्पो सालेकशाच्या पुढे जंगलातून चढत गेला आणि वस्तीतल्या आंब्याखाली थांबला. पाळकसाहेबांनी छोटीशी प्रार्थना केली. वस्तीचे देव वेगळे, तरी लोकांनी पायांतल्या चपला काढल्या. प्रार्थना संपल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमचा देव बी हालला काय जी त्या दिशी?" पाळकसाहेब हसले आणि थैल्या उतरवायला लागले.

मी दारोदार चुली विचारत निघाले. एका अंगणात समोरासमोर दोन खोल्या होत्या. पदर खोचलेली तरणी बाई पुढे आली. नवरा कामाला हैदराबादेकडे, पदरात तीन पोरं.

"दोन चुली हायत, मॅडम," ती म्हणाली. "माही येक, सासूची येक."

"नाई जी," मागून आवाज आला. सासू भिंतीला टेकून उभी होती. वाळलेली, ठेंगणी, कानांत जड बाळ्या. "येकच चूल हाय."

"काऊन खोटं बोलून राहिली व? चार साल झाले, वेगळी नाही जेवत काय तू?"

"माही चूल भुकंपात गेली. आता येकच हाय."

दोन थैल्या मिळणार असताना एकच मागणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. शाळेत तीस-बत्तीस वर्षं काढलेली मी, खोटं कोण बोलतंय हे मला चेहऱ्यावरून कळतं अशी माझी समजूत. इथे दोघीही खऱ्या वाटत होत्या. म्हटलं, दाखवा चूल.

म्हातारीच्या खोलीची रस्त्याकडची भिंत पडली होती, पण पडली होती बाहेरच्या बाजूला. चुलीचा कोपरा आत, दुसऱ्या टोकाला. तिथे वर आढ्यापर्यंत काजळी होती आणि खाली जमीन स्वच्छ, शेणानं ताजी सारवलेली. भूकंप चूल पाडेल एक वेळ, पण सारवणार थोडाच! मी वाकून पाहायला लागले तशी म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"कायले पाहता जी?" ती हळू आवाजात म्हणाली. "म्याच फोडली."

मग एका दमात तिनं सांगितलं. भिंत पडली तेव्हा ती चार वर्षांत पहिल्यांदाच सुनेच्या दारात जाऊन उभी राहिली. सुनेनं आत घेतलं, पेज वाढली. नातवंडं मांडीवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, भिंत होईपर्यंत इथेच जेव. म्हातारीनं परत येऊन आपली धडधाकट चूल कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं फोडली, माती मागे नेऊन टाकली आणि जागा सारवून टाकली.

"दोन थैल्या भेटल्या का दोन चुली होतीन, बाई. मंग मले कोण बोलावीन?"

मला तिचा हेवा वाटला, हे सांगून टाकते. माझ्या घराला साधी चीरही गेली नव्हती. स्लॅबचं पक्कं घर, नवऱ्यानं लोखंड जास्त घालून बांधलेलं. ते पडणार नाही आणि मला कुणी जेवायला हाक मारणार नाही.

बाहेर सून वाट पाहत होती. तिचंही काही चुकत नव्हतं. तीन पोरं आणि नवरा परमुलखात, तिनं दोन थैल्या का मागू नयेत? मी घसा साफ केला आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं, "चूल एकच आहे. पण आमचा नियम असा आहे, की ज्या चुलीवर म्हातारं माणूस जेवतं त्या चुलीला दोन थैल्या. म्हातारं माणूस वेगळं काढलं, तर एकच."

संडेस्कूलमध्ये मी पोरांकडून दहा आज्ञा घोकून घेते. त्यांत खोट्या साक्षीची एक आहे. पण ती शेजाऱ्याविरुद्धच्या साक्षीबद्दल आहे, आणि मी कुणाच्या विरुद्ध बोललेच नव्हते. अशी मी स्वतःची समजूत घातली. सुनेनं सासूकडे पाहिलं, मग थैल्यांकडे, आणि म्हणाली, "चाल व, धर येका बाजूनं." दोघींनी मिळून थैल्या आत नेल्या.

हा नियम टेम्पोपर्यंत माझ्याआधी पोचला. बघता बघता वस्तीतली सगळी म्हातारी माणसं उन्हात येऊन बसली. एका घरानं तर पलीकडच्या टोल्यावरचा, दुसऱ्याच वस्तीतला म्हातारा उसना आणला, आणि त्याला नातवाचं नावही सांगता येईना. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, हा नियम कधी झाला?"

"आत्ताच."

"मंडळीला काय सांगू?"

"सांगा, म्हातारी माणसं फार खातात."

थैल्या अर्थातच पुरल्या नाहीत. राहिलेल्या घरांसाठी लगेच पुन्हा जावं लागलं आणि मंडळीच्या बैठकीत माझी चांगलीच खरडपट्टी निघाली. मी खाली मान घालून ऐकून घेतली. खरं तर त्या दिवसांत मी खुशीत होते. घरी एकटीसाठी भात टाकताना वाटायचं, तिकडे डोंगरात एक म्हातारी आज पोरांच्या पंगतीत बसली असेल.

थंडीत धान घरी आल्यावर आम्ही पुन्हा गेलो, चादरी आणि थोडे तांदूळ घेऊन. चादर माणसामागे एक, तांदळाचा नियम पहिलाच, चुलीमागे एक थैली. माझा नियम मंडळीनं रद्द केला होता. मी आधी त्या अंगणात गेले. पडलेली भिंत उभी झाली होती, माती अजून ओलसर होती. सून सुपानं धान पाखडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आमचं नाही जमत जी," एवढंच म्हणाली.

म्हातारीच्या खोलीतून धूर येत होता. सारवलेल्या कोपऱ्यात नवी चूल होती, लहानशी, एका पातेल्यापुरती. म्हातारी फुंकर घालत होती. मला पाहून ती उठली नाही.

"तांदूळ पुरला तवरी जेवली जी तिच्यासंग," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, तेच मला सहन झालं नाही. मी काहीतरी नवा नियम शोधत उभी राहिले. एकही सुचेना. माझ्या तोंडाकडे पाहून तिला ते कळलं असावं.

"सांगून द्या त्याईले," ती म्हणाली. "आता माही चूल वेगळी."

मी बाहेर आले. पाळकसाहेबांनी टेम्पोवरून विचारलं, या अंगणात किती माणसं?

"इकडे चार," मी म्हणाले. "पलीकडे एक."