शुक्रवारचं कुंकू

एवढ्या मोठ्या चेन्नई शहरात सगळे मिळून जेवढे भीत असतील, त्याहून जास्त आमचे घरमालक एकटे भितात. नुंगंबाक्कमच्या त्यांच्या जुन्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि खाली ते आणि त्यांची भीती. उन्हाळ्यात अंग वितळत असलं तरी ते पंख्याखाली बसत नाहीत, पंख्याच्या बाजूला बसतात. वारा जेवढा चुकून येईल तेवढाच त्यांचा. नारळाच्या झाडाखालून जायचं असेल तर भर मे महिन्यात छत्री उघडतात. कुठल्याही इमारतीत लिफ्ट आधी रिकामी वर पाठवायची, ती सुखरूप खाली आली की पुन्हा पाठवायची आणि मग आपण जिन्यानं जायचं. मरीनावर गेले तरी समुद्राकडे पाठ करत नाहीत, गुरुजींसमोर उभं राहिल्यासारखे मागे मागे चालत रस्ता गाठतात. आमच्या स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली की जिन्यात पावलं वाजतात. दारात उभे राहून, नाक वर करून, त्यांच्या त्या तंजावरी, तमिळ हेल काढलेल्या मराठीत विचारतात, "गे मुली, गॅसाचा वास येतो कां?" गॅस नसतो, फोडणीतला हिंग असतो. पण ते रेग्युलेटरला हात लावल्याशिवाय खाली जात नाहीत.

मला आधी याचं हसू यायचं. मी बार्शीकडची. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, केमिस्ट्रीत बीएस्सी, आणि आता गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी. मला पोहायला शिकवलं म्हणजे पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून दिलं. भीती वाटली तरी ती तोंडावर दिसू द्यायची नाही, एवढ्या एका नियमावर मी कॉलेजपर्यंत पोचले. म्हणून मामा, म्हणजे हेच घरमालक, माझ्यासाठी करमणूक होते. पण एक दिवस शाळेतून बाईंनी बोलावलं. माझी सहा वर्षांची रेणू घसरगुंडीच्या पायऱ्यांवर उभी राहून, मागची सगळी रांग खोळंबवून विचारत होती, "याला बोल्ट किती आहेत?" आणि न घसरताच परत उतरत होती. झोपाळा तिनं आधीच सोडला होता. त्या दिवशी माझं हसू संपलं. दिवसभर मी कारखान्यात, नवरा ऑफिसात, पोर खाली मामांकडे, तिच्या ताताकडे, म्हणजे आजोबांकडे, आणि ताता तिला आपली भीती घासाघासानं भरवतायत. माझी मुलगी भित्री होणार? मी ठरवलं, रविवारी हिला समुद्रकाठच्या ईसीआर रस्त्यावरच्या पार्कात न्यायचं आणि रोलर कोस्टरमध्ये बसवायचं.

मामांना कळलं. "मी येतों," म्हणाले. "यंत्र आहे. पाहायला कुणी तरी पाहिजे." कुठल्याशा कारखान्यात तीस वर्षं ते मेंटेनन्स फोरमन होते, त्यामुळे यंत्र म्हटलं की ते स्वतःला आमंत्रण देतात. पांढरी वेष्टी म्हणजे इकडचं धोतर, छत्री, आणि कापडी पिशवीत दोन लिंबं. एक लिंबू निघताना टॅक्सीच्या चाकाखाली गेलं. दुसरं परतीचं. पिशवीत स्क्रूड्रायव्हरही होता, तो गेटवरच्या माणसानं काढून घेतला. "आत चालत नाही, सार." मामा घाबरून म्हणाले, "मग तुमची गाडी तुम्ही कशानं आवळतां?"

गाडी अगदी लहान मुलांची होती. सुरवंटाचं हसरं तोंड, हिरवे डबे, चढ फार तर दोन मजल्यांचा. मामांनी तिच्या अकरा फेऱ्या उभ्यानं पाहिल्या. मग बटणांपाशी बसलेल्या टोपीवाल्या मुलीला विचारलं, यंत्राला लावलेलं शुक्रवारचं कुंकू कुठे आहे? बटणांचा तो डबा नवाकोरा, चकचकीत. ती म्हणाली, इथे लावायची परवानगी नाही. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी रेणूचा हात धरला. "ही गाडी नको, कण्णा." आणि रेणू, जी कशीबशी रांगेत उभी राहिली होती, ती ओठ थरथरवत बाहेर आली.

माझं डोकं फिरलं. "मामा, मी शिकलेली बाई आहे. कुंकवानं बोल्ट आवळले जात नाहीत!"

"कुंकवानं नाहींच, गे," ते हळू म्हणाले. "शुक्रवारीं कुंकू लावायचं तर आधी जुनं पुसायला लागतं. पुसताना हात लागतो. हात लागला कीं ढिलं आहे तें कळतं." त्यांनी छत्रीची मूठ पुसली. "एका शुक्रवारीं मी पुसायला गेलों नाहीं. आमच्या एका माणसाचीं तीन बोटं गेलीं."

टोपीवाल्या मुलीनं ते ऐकलं असावं. तिनं आपल्या जागी दुसऱ्या माणसाला बसवलं आणि "वांगा, ताता," या आजोबा, म्हणत मामांना फलाटाच्या मागे नेलं. तिथे मोटरीच्या लोखंडी पेटीवर चंदन, त्यावर ठसठशीत कुंकू आणि शुक्रवारचा सुकलेला गजरा. मेकॅनिकनं लावलेला, ती म्हणाली, वरच्यांना माहीत नाही. मामांनी छत्रीचं टोक मोटरीला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बेअरिंग चांगलं गातंय. बस, कण्णा."

एवढ्या लहान मुलाबरोबर मोठं माणूस लागतं. मी ऐटीत बसले. दांडा मांडीवर आला, खट्कन लागला, आणि मी समोर पाहिलं. रूळ सरळ आभाळात जात होते. विहिरीत ढकललं तेव्हाचं ते पाणी नाकातोंडात आलं. तेव्हा ओरडता आलं नव्हतं. आता आलं. "उघडा! मला उतरू द्या!"

दांडा उघडला. मी उतरले. रेणू एकटी डब्यात, माझ्याकडे बघत. रडत नव्हती, नुसती बघत होती. आणि मला कळलं, ही आता जे बघतेय ते जन्मभर विसरणार नाही.

मामा पुढे आले. छत्री आणि लिंबू माझ्या हातात देऊन, वेष्टी गुडघ्यांत घट्ट दाबून ते माझ्या जागी बसले. "खालीं कुणी तरी पाहिजेच कीं," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तूं उभी राहून आवाजाकडे लक्ष दे."

मी आवाजाकडे लक्ष दिलं. साखळीची खटखट, मग एक क्षण काहीच नाही, मग मामांची किंकाळी. ती पूर्ण फेरीत तुटली नाही. एक हात दांड्यावर, दुसरा रेणूच्या छातीवर आडवा, डोळे सताड उघडे. मी लिंबू इतकं आवळलं होतं की रस कोपरापर्यंत आला.

गाडी थांबली तेव्हा रेणू हसून लोळत होती. "आई, ताता ओरडले! मी नाही ओरडले!" मग माझा चेहरा बघून, समजूत काढल्यासारखी म्हणाली, "ते खूप घाबरले, आई. तरी उतरले नाहीत."

परतीला लिंबू नव्हतंच. मामा टॅक्सीत सगळा वेळ डोळे मिटून बसले होते.

रेणू आता झोपाळ्यावर उभी राहते. बोल्ट अजून मोजते, पण मोजून झाल्यावर चढते. मामांना मात्र यंदा जिना चढवत नाही. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी पावलं वाजत नाहीत, आणि कान त्यांचीच वाट बघतात. म्हणून शुक्रवारी कामावर जायच्या आधी मी, बीएस्सी, ओल्या फडक्यानं रेग्युलेटर पुसते आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवते. खालून, पंख्याच्या बाजूच्या खुर्चीतून आवाज येतो. दर शुक्रवारी थोडा अधिक बारीक.

"हात लागला कां गे?"

"लागला, मामा."