घरात दही होतं, तरी

पुण्यात राहून मला एक वाईट खोड लागली होती, ऊठसूट ‘थँक्यू’ म्हणायची. रिक्षावाल्याला, लिफ्टवाल्याला, एकदा तर नवऱ्याला.

येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात आईचा पाय मोडला, तेव्हा मला लगेच रजा मिळाली नाही. तीन आठवडे शेजारच्या काकूंनीच तिला न्हाऊ घातलं, भाकरी भरवली. मी पोचले ती भारीतली साडी घेऊन. ती काकूंच्या हातात ठेवली आणि गॅदरिंगमध्ये भाषण करावं तशी म्हणाले, “काकू, तुमचे आभार कसे मानू?”

“मानलंस की,” काकू म्हणाल्या. साडी खाटेवर ठेवून चहा न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आई दाराकडं डोळे लावून पडलेली. माझ्या हातचं तिला गोड लागेना. शेवटी ती बोललीच.

“आभार पाव्हण्यांचं मानत्यात. तिला परकी केलीस तू. जा, कायतरी माग तिला.”

“अजून मागू? एवढं केलं त्यांनी!”

“म्हणून तर मागायचं. विरजण माग.”

घरात दह्याचं पातेलं भरलेलं होतं. तरी वाटी घेऊन मी काकूंच्या दारात उभी राहिले. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर आईचं हक्काचं माणूस माझ्या जिभेनं तोडलं असतं.

“काकू, थोडं विरजण द्या.”

त्यांनी आधी वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “दूध किती कोमट लागतंय, ठावं हाय का तुला? हो बाजूला, म्याच येते.”

आमच्या घरात शिरताच भरलेलं पातेलं त्यांना दिसलं. त्यांनी त्यावर झाकण ठेवलं. मग त्या आईच्या खाटेवर बसल्या आणि दोघी माझ्या वेड्यावाकड्या भाकरीला पोट धरून हसल्या. मला फार बरं वाटलं.

आई जाऊन आता वर्ष होत आलं. गावी गेले की कुलूप काढायच्या आधी मी काकूंकडं जाते आणि मीठ मागते, नाहीतर काडेपेटी. पिशवीत सगळं असतंच.

परवा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं. “डोळ्याचं आपरेशन हाय. आठ दिवस येऊन ऱ्हाशील का गं?”

थँक्यू अगदी ओठावर आलं होतं. गिळलं, आणि म्हणाले, “भाकरी मात्र माझ्याच हातची खावी लागंल.”