टिचकी आली नाही

माझे वडील चालत्या गाडीत गेले आणि त्या वेळी मी त्यांच्या शेजारी गप्प बसले होते. गप्प बसण्याचा नियम त्यांचाच होता.

बाबा तंत्रशाळेत शिकवत. निवृत्त झाल्यावर ते विजेवर चालणारी, दोन दारांची छोटी गाडी घेऊन आले. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. विरारमध्ये तशी दुसरी गाडी मी पाहिलेली नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून वायर खाली सोडून ती चार्ज करायची, आणि लोडशेडिंग तर रोजचंच. तळमजल्यावरचे काका हटकून विचारत, “काय सर, आज लाईट नाही. गाडीला उपास?”

“उतारावर फराळ करते ती,” बाबा म्हणत.

ते खरंच होतं. वेगाच्या पेडलवरून पाय काढला की मोटर उलटं काम करू लागे आणि चाकांच्या धावेतून थोडी वीज बॅटरीत परत जाई. पण पाय पटकन उचलला तर कुणी मागून शेपूट धरल्यासारखी गाडी अडे, आणि मागे पाय दुमडून बसलेली आई पुढच्या सीटवर आदळे. पुढे बसलं की समोरचा ट्रक अंगावर येतोय असं तिला वाटायचं, म्हणून पुढची जागा माझी.

बाबांचा उजवा गुडघा दुखरा होता. पेडल सतत दाबून धरणं त्यांना जमेना. त्यांनी जुन्या टेम्पोची ॲक्सिलरेटरची वायर आणून स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक दांडी बसवली. दांडी वर केली की पेडल दाबलेलं राही, गाडी एकाच वेगाने चाले आणि बाबांचा पाय मोकळा. ती उतरवण्याचं काम मात्र त्यांनी माझ्याकडे दिलं. ते आधी पेडलवर पाय ठेवून भार घेत, मग स्टिअरिंगवर बोटाने टिचकी मारत. टिचकी आली की मी दांडी हळूहळू खाली आणायची.

“घाई नको,” पहिल्या दिवशी ते म्हणाले. “उतू जायला आलेलं दूध उतरवतेस ना, तशी उतरव.”

“ती कधी उतरवते?” मागून आई. “हिचं डोकं पुस्तकात आणि दूध शेगडीवर.”

कधी त्यांचा पाय वेळेवर पोचत नसे. त्या वेळी सगळा भार माझ्या हातावर येई. तेही मला जमू लागलं होतं.

दांडी वर असताना कुणी बोलायचं नाही, हा नियम. बाबा मोटरचा आवाज ऐकत. “आता जरा गाडीला बोलू दे,” असं ते आईला म्हणत, आणि आई पदराने तोंड झाकून हसू दाबे.

त्या रविवारी सकाळी आम्ही कळंबला मासळी आणायला निघालो होतो. चर्चमधल्या मिस्साहून परतणारी माणसं रस्त्याच्या कडेने चालली होती. ती मागे पडली, वाड्या लागल्या, रस्ता सरळ आणि रिकामा झाला. बाबांनी दांडी वर केली. आम्ही दोघी गप्प झालो; मागे आईने सवयीप्रमाणे डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी नंतर विचारलं, “छातीत बराच वेळ कळ येत असणार. काही बोलले नाहीत का ते?” दांडी वर असताना आमच्यात कुणीच बोलत नसे.

पुढे वळण दिसायला लागलं. तिथे टिचकी यायची. मी दांडीवर हात ठेवून वाट पाहत होते. गाडी डावीकडे सरकू लागली, तेव्हा मला वाटलं, ते मागच्या एखाद्या गाडीला जागा देतायत. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते. हनुवटी छातीला टेकली होती. हात मांडीवर पडले होते.

मी ओरडले नाही. आजही मला याचं नवल वाटतं. डाव्या बाजूला पाण्याचा चर होता. उजव्या हाताने मी स्टिअरिंग धरलं. डाव्या हाताला ओढ लागली होती ती दांडी एकदम खाली पाडण्याची. तसं केलं असतं तर गाडीने हिसका दिला असता आणि बाबा स्टिअरिंगवर कोसळले असते. ते वाचतील असं मला अजून वाटत होतं. मी दांडी तसूतसूने उतरवली. मोटरने चाकं धरली, आवाज बारीक होत गेला, धक्का म्हणून बसला नाही. शेवटी गाडी नुसतीच घरंगळू लागली तेव्हा हँडब्रेक ओढला. वळणाच्या अलीकडे, गवताला चाक लावून ती थांबली.

मी त्यांच्या नाकापाशी हात नेला. मनगट धरलं. पुन्हा नाकापाशी हात नेला.

आईला मागून बाहेर यायला दारच नव्हतं. मी उतरले आणि माझी सीट पुढे दुमडली. तिच्या हातात मासळीची पिशवी होती. वाकून बाहेर येताना ती एक हात सीटवर टेकून थांबली आणि बाबांच्या पाठीकडे पाहून म्हणाली, “आज किती अलगद थांबवलीत हो. मला कळलंसुद्धा नाही.”

ती त्यांच्या उत्तरासाठी थांबली. आणि मीही, सगळं माहीत असून, दार धरून तशीच उभी राहिले.