तीनदा विसळलेली बाटली

आमच्या मागच्या ओढ्यावर तो दर महिन्याला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पूर्वेकडच्या समुद्राकाठच्या संस्थेचा माणूस. तिकडे खाडीत माशांची पिल्लं मरायला लागली, म्हणून नदीला मिळणारं पाणी तपासत तो सोलापुरापर्यंत आला होता.

बाटली भरण्याआधी तो ती ओढ्याच्याच पाण्यानं तीनदा विसळायचा. मी म्हटलं, "घाणीनं काय धुताय? नळावर या की."

"नळाचा थेंब आत राहिला, तर बाटली खोटं बोलेल, अम्मा."

मग त्यानं विचारलं, "हा लाल रंग कोण सोडतं?"

"मला काय माहीत?"

सूत रंगवून माझे हात कोपरापर्यंत लाल होते. त्यानं ते पाहिले आणि बाटली घेऊन निघून गेला. खरं सांगितलं असतं, तर आमचं रंगाईचं काम बंद पडलं असतं.

पुढच्या महिन्यात तो आला, बाटली विसळू लागला. काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी पुन्हा खोटंच बोलले असते.

बाटली तिसऱ्यांदा रिकामी झाली, तेव्हा मी म्हटलं, "लिहा. लाल रंग आमच्याच मोरीतून येतो."