परातीतला आदिमानव

महाडच्या बाजारपेठेपासून कशेडीच्या शेवटच्या वळणापर्यंत घरोघर हिंडलात, तरी भाताशी उभा दावा मांडलेला माणूस तुम्हाला एकच सापडेल, आणि तो माझा साडू निघेल. त्याआधीची छप्पन्न वर्षं हे गृहस्थ भातावरच वाढले होते. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, आणि मधल्या वेळात तांदळाची भाकरी, तीसुद्धा भाताची आठवण बुजू नये म्हणून. पोलादपूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे ताटात नुसता भात वाढून घेणं त्यांना मंजूर नसे. ते भाताचा गड रचत, त्याला दोन बुरूज काढत, मधोमध तलाव खणून त्यात माशाचं कालवण सोडत आणि मग पूर्वेकडून चढाई करत. गड दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पडे, आणि लगेच दुसरा बांधायला घेतला जाई.

असा माणूस फिरला तो खऱ्या गडामुळे. दरवर्षी जानेवारीत साडूबुवा पाचवीच्या पोरांना घेऊन रायगड चढत. पाचाडला गाडी सोडायची, पायऱ्यांनी वर जायचं, आणि एकेक जागा दाखवत इतिहास सांगायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. पण दोन हजार तीनच्या त्या जानेवारीत महादरवाज्याच्या खालीच त्यांचा दम संपला. पोरं पुढे गेली आणि साडूबुवा ताकवाल्या बाईच्या शेजारी दोन तास बसून राहिले. वर पोरांना गड दाखवला पीटीच्या सरांनी, आणि बाजारपेठेचे उंच ओटे दाखवून ही घोड्यांची पागा असं खुशाल सांगितलं. पुढच्या आठवड्यात सहलीवरचे बेचाळीस निबंध तपासायला आले. बेचाळीस निबंधांत घोडे. साडूबुवांनी प्रत्येक घोड्यावर लाल शाईने काट मारली, मार्क मात्र एकाचाही कापला नाही. "पोरांचा काय दोष, मीच खाली बसलो होतो," एवढंच मला म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. म्हणजे हातात एकच जानेवारी उरला होता. महाडच्या डॉक्टरांनी साखर तपासली, वजन पाहिलं, आणि गड विसरा, घरचा जिनासुद्धा मध्ये थांबून चढा, असा सल्ला दिला. शाळेतल्या कुणीतरी रोपवे सुचवला. त्यावर साडूबुवा म्हणाले, "दोरीला टांगून वर जायला मी काय शिंक्यातलं लोणी आहे?" चढायचं तर पायांनी, आणि बाजारपेठेला बाजारपेठ म्हणायचं तर स्वतःच्या तोंडाने. हे त्यांनी मला सांगितलं. ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या थोरल्या मेव्हणीला, मात्र नुसतं "साखर उतरवायची आहे" इतकंच कळलं होतं, कारण गडाचं नाव काढलं असतं तर त्या माउलीने चपला कुलपात ठेवल्या असत्या.

उपाय आला अमेरिकेहून. साडूबुवांच्या तिथल्या पुतण्याने ई-मेल पाठवला, तो मी महाडच्या सायबर कॅफेत छापून घेतला आणि एसटीने पोलादपूरला पोचता केला. सार असं, की माणसाचं पोट अजून अश्मयुगातच आहे. म्हणून धान्य, डाळी, दूध, साखर बंद, आणि आदिमानवाला मिळत असे तेवढंच खायचं: मासे, मटण, फळं, सुकामेवा आणि डोंगराएवढा पाला. ह्या प्रकाराला तिकडे पेलिओ म्हणतात. साडूबुवांनी ते कागद तीनदा वाचले. तीस वर्षं ते पाचवीला आदिमानव शिकवत होते. त्याने त्यांना उलट काही द्यायची ही पहिलीच वेळ होती.

आमच्याकडे कोशिंबीर म्हणजे ताटात डावीकडे, मिठाच्या शेजारी, अंग चोरून बसणारी बाई. साडूबुवांनी तिला आधी ताट दिलं, मग ताट पुरेना म्हणून लग्नात आलेली पितळेची परात माळ्यावरून खाली काढली. त्या परातीत ताईंनी एकेकाळी बारशाच्या पंगतीची कणीक भिजवली होती. तिच्यात आता अर्धा कोबी, चार काकड्या, मुळा पाल्यासकट, गाजरं, टोमॅटो, बीट, मेथीची जुडी आणि वर शेंगदाणे पडू लागले. चार दिवसांनी शेंगदाणा ही डाळच ठरते असा पुतण्याचा निकाल आला, तेव्हा तेही गेले. जेवण सव्वा तास चाले. त्यांच्या काकडी चावण्याचा आवाज रस्त्यापलीकडे जाई. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने मला शपथेवर सांगितलंय, की दुपारी वीज गेली तरी गिऱ्हाइकं थांबून राहत, त्यांना वाटे गिरणी चालूच आहे.

पुतण्याने पाल्यावर ऑलिव्हचं तेल घालायला सांगितलं होतं. हे तेल तेव्हा आमच्याकडे फक्त औषधाच्या दुकानात, बाळाच्या मालिशसाठी, चिमुकल्या डब्यात मिळे. साडूबुवांनी एका महिन्यात नऊ डबे नेले. दुकानदाराने पहिल्या डब्याला काही विचारलं नाही, चौथ्याला हसून पाहिलं, आणि नवव्याला हात हातात घेऊन अभिनंदन केलं. दोन दिवसांत शेजारच्या दोघी ताईंकडे डिंकाच्या लाडवांची चौकशी करून गेल्या. ताई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी आठ दिवस दार अर्धंच उघडं ठेवलं.

पुढे साडूबुवांना लेट्यूसचा शोध लागला. महाबळेश्वरला हॉटेलांसाठी हा पाला पिकतो, आणि पोलादपूरला उतरणाऱ्या एसटीचा एक ड्रायव्हर त्यांचा जुना विद्यार्थी. तो रोज ओल्या गोणपाटात दोन गड्डे बांधून आणी. स्टँडवर भाजी विकणाऱ्या म्हातारीने चार दिवस हा व्यवहार पाहिला आणि पाचव्या दिवशी न राहवून विचारलं, "मास्तर, म्हस घेतलीव काय? पाला लय येतो तुमच्याकडं." साडूबुवा म्हणाले, मीच खातो. म्हातारीने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "दूध नाय देत तरी पोसतान बघ गो बिचारी."

ह्या सगळ्यात त्यांना एक वाईट खोड लागली. समोर काहीही आलं की विचारायचे, "आदिमानवाकडे हे होतं का?" चहा आला, होता का? बिस्किट आलं, होतं का? ताई एवढे दिवस गप्प होत्या. सकाळ-दुपार-संध्याकाळ ती परात घासून त्यांचे हात भरून आले होते, आणि एकट्यापुरता वाटीभर भात लावताना त्यांचं मन लागत नव्हतं, हे त्या माझ्या बायकोशी बोलत. एकदा जेवताना साडूबुवांनी चमच्याबद्दल तोच प्रश्न विचारला, आणि ताईंनी परात जागच्या जागी काढून घेतली. "त्याच्याकडे बाजारहाट करून, चिरून, समोर आणून ठेवणारी बायकोपण नव्हती. तो रानात जाऊन हुडकून खायचा. तुम्ही पण जा."

नेमक्या त्याच आठवड्यात घाटात दरड आली, महाबळेश्वरची एसटी बंद झाली आणि लेट्यूस थांबला. साडूबुवा खरोखरच रानात गेले. गमबूट, छत्री, हातात पिशवी, आणि दोन तासांनी परतले ते रानअळूची हिरवीगार पानं मिरवत. आता कच्चा अळू घशाला काय करतो, हे आमच्याकडे रांगतं पोरदेखील जाणतं. चिंच घालून घटकाभर शिजवल्याशिवाय त्याला कुणी जिभेजवळ नेत नाही. साडूबुवाही जाणत होते. वाटेत त्या भाजीवाल्या म्हातारीने पिशवीत डोकावून बजावलंही होतं, "कच्चा नका खाव ओ, घसा धरंल." पण त्यांचं तत्त्व आडवं आलं. चिंच घालून शिजवला की पातेलं आलं, आणि अश्मयुगात विस्तव होता, पातेलं नव्हतं. ओसरीवर बसून त्यांनी एक पान गुंडाळी करून तोंडात घातलं, तीनदा चावलं, आणि चौथ्यांदा चावायच्या आधी इतिहास संपला.

तीन दिवस पोलादपूरच्या पाचवी ब ला आदिमानवाने पूर्ण मोकळीक दिली. साडूबुवांचा घसा आतून हजार सुया टोचल्यासारखा, ओठ वड्यासारखे, आवाज पार गेलेला. मी महाडहून धावत गेलो तेव्हा ते नातीची पाटी मांडीवर घेऊन बसले होते आणि ताई त्यांना कोकमाचं आगळ पाजत होत्या. मग त्यांनी मऊभातात तूप घालून वाटी पुढे केली. साडूबुवांनी पाटीवर लिहिलं, "तूप आदिमानवा". ताईंनी उरलेलं अक्षर पडायच्या आत तळहाताने पाटी पुसली. "आता खरं काय ते लिहा," त्या म्हणाल्या. "साखरेसाठी कुणी एवढं करत नाही. तुमच्या जागी माझा मुलगा असता तर कानफटीत मारली असती."

साडूबुवांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मग लिहिलं, "जानेवारी. गड. शेवटचा." खाली जागा होती, तिथे बारीक अक्षरात, "पागा नाही. बाजारपेठ."

ताईंनी ते वाचलं, पाटी माझ्या हातात दिली, आणि त्यांना भाताचा घास भरवला. आत जाताना एवढंच म्हणाल्या, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? कोबी इतका जाड कुणी चिरतं का?"

दुसऱ्या आठवड्यापासून परात ताईंच्या ताब्यात गेली. कोबी केसासारखा बारीक, काकडी सुरीने बारीक चोचवून, वर कोकम आणि ओलं खोबरं, पाला निवडून तीन पाण्यांनी धुतलेला. नवरा बायको समोरासमोर बसू लागले, साडूबुवांची परात आणि ताईंची वाटी. गणपतीत एकवीस मोदक समोर असताना साडूबुवांनी हात मागे बांधून नुसता वास घेतला. इतका खोल घेतला, की एका मोदकाची कळी वाकडी झालेली मी ह्या डोळ्यांनी पाहिली. दिवाळीपर्यंत त्यांच्या पँटा कंबरेवर राहीनात. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, नाव बरोबर असल्याची खात्री केली, आणि सावकाश जा, एवढंच म्हणाले.

जानेवारीत मी बरोबर गेलो, डबे उचलायला. दोन मोठे डबे, दोन्हीत पाला. पाचाडहून निघाल्यावर साडूबुवांनी एक युक्ती काढली: जिथे दम लागला तिथे इतिहास निघाला. खोटं एक अक्षर सांगितलं नाही, पण खरं इतक्या सावकाश सांगितलं, की त्या वर्षीच्या पाचवीला पायरी न् पायरी पाठ झाली असेल. महादरवाज्याखाली ती ताकवाली बाई होतीच. तिने ओळखलं, सरकून जागा केली. साडूबुवांनी तिला नमस्कार केला आणि न बसता पुढे गेले. मी त्यांच्या मागे होतो. त्यांचे पाय एकेका पायरीवर दोनदा टेकत होते, पण जात होते.

दरवाज्यात एका वानराने माझ्या हातातला वरचा डबा पळवला. तटावर आपटून उघडला, लेट्यूसचं पान तोंडात घातलं, चावलं, थुंकलं, आणि साडूबुवांकडे असं पाहिलं, की मला त्याची दया आली की त्याला आमची, ते अजून ठरलं नाही. जाताना त्याने झाकण लावलं असं मी महाडात सांगतो. ते तेवढं खरं नाही. मी म्हटलं, साडूबुवा, मूळपुरुषाने नापास केलं. ते धापा टाकत म्हणाले, "हा मूळपुरुष नव्हे. चुलत घराण्यातला. ह्यांचं आणि आपलं कधी पटलेलंच नाही."

बाजारपेठेत पोचल्यावर मात्र ते मध्ये जाऊन उभे राहिले. दोन्ही बाजूंना ते उंच ओटे, वारा, आणि समोर पंचेचाळीस पोरं. पीटीचे सर मागे उभे होते, त्यांना त्यांनी हाताने खुणावून पुढच्या रांगेत घेतलं, रागाने नाही, एखाद्या विद्यार्थ्याला घ्यावं तसं. "ही जागा काय आहे?" त्यांनी विचारलं. स्वतःच सांगितलं. मग पुन्हा विचारलं, आणि पोरं ओरडली, "बाजारपेठ, सर." तिसऱ्या वेळी पीटीचे सरही ओरडले. साडूबुवांनी चष्मा काढून पुसला. माझं महाडात चष्म्यांचंच दुकान आहे. काच स्वच्छ असताना माणूस ती का पुसतो हे मला कुणी शिकवायला नको.

जेवायला बसलो तेव्हा दुसरा डबा उघडला. वरचा पाला उपसल्यावर तळाशी केळीच्या पानाची पुडी निघाली. सुतळीने बांधलेली, गाठ ताईंची. आत दहीभात, लिंबाच्या लोणच्याची एक फोड. मी सात महिन्यांचा सूड उगवायचा म्हणून विचारलं, आदिमानवाकडे हे होतं का. साडूबुवांनी सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. "त्याच्याकडे ही नव्हती," म्हणाले, आणि निम्मा भात माझ्या पुढ्यात सारला. त्या दिवशी त्यांनी बुरूज काढले नाहीत. बोटांनी थोडा थोडा घेऊन खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत.

दुसऱ्या दिवशी परात पुन्हा सुरू झाली. मे महिन्यात शाळा सुटली. पुढे दोनेक वर्षांत ताईंचे गुडघे बोलू लागले, आणि दोघं मुलीकडे ठाण्याला गेली. तिथल्या ओट्यावर परात मावेना, म्हणून ती आमच्याकडे आली. आमची ही तिच्यात दिवाळीच्या चकल्यांचं पीठ मळते, तांदळाचं, आणि मी काही बोलत नाही.

दर जानेवारीच्या शेवटी साडूबुवांचा फोन येतो. इकडचं तिकडचं होतं, घाट उघडा आहे का, म्हातारी अजून स्टँडवर बसते का, आणि मग सहज विचारल्यासारखं, "यंदा पोरांना बाजारपेठ काय म्हणून सांगितली रे?" सहल गेली की नाही हेही मला माहीत नसतं. त्यांच्या शाळेत आता ओळखीचं कुणी उरलेलं नाही, आणि चष्म्याच्या दुकानात बसून गडावरचं ऐकू येत नाही. जन्मभर मी हजार थापा मारल्या, एकीलाही कधी आवाज खाली आणला नाही. ही एकच मी हळू मारतो.

"बाजारपेठ म्हणूनच सांगितली," मी म्हणतो. "पोरं तीनदा ओरडली म्हणे."

 तिकडून काकडी चावल्याचा आवाज येतो.