तंबाखूच्या वखारीतली जांभळी गाडी

आप्पांची गाडी माझ्या धाकट्या भावानं कापायला घेतली, तेव्हा मी दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत त्याच्याशी बोलले नाही. मला राग येतो तो असा येतो, आणि या रागाबद्दल मला आजही फारसं वाईट वाटत नाही.

सात माणसांची, पांढरी, उंच गाडी होती ती. निपाणीजवळच्या आमच्या गावात ती आप्पांची कमी आणि गावाचीच जास्त होती. कुणाची लेक बाळंतपणाला आणायची, कुणाला चिकोडीच्या कोर्टात तारखेला सोडायचं, शेतात खताची पोती टाकायची, सगळं तिच्यातूनच. आईचे गुडघे दुखतात म्हणून आप्पांनी मधल्या दाराशी ठेवायला एक लाकडी पाट करून घेतला होता. त्यावर पाय ठेवून चढताना आई दर खेपेला कुरकुरायची, "एवढी उंच गाडी कशाला घ्यायची म्हंते मी?" आप्पा म्हणायचे, "रानात पोट घासाय नको म्हणून."

आप्पांची एक रीत होती. नवीन गाडी दारात आली की ती आधी शेतात न्यायची आणि पुढचं चाक आपल्या मातीत टेकवायचं. देऊळ त्यानंतर. "माती लागली की गाडी घरची," असं ते म्हणायचे. बेळगावात शाळेवर नोकरी लागल्यावर मी स्कूटर घेतली, तीसुद्धा गावी नेऊन तंबाखूच्या रानात घालावी लागली होती. नवी साडी चिखलानं भरली आणि मी दिवसभर धुसफुसत होते. आप्पा मात्र खूश होते.

त्याच गाडीत आप्पा गेले. छातीत कळ आली तेव्हा भाऊ सुट्टीला घरीच होता. त्यानं त्यांना मधल्या सीटवर निजवलं, डोकं आईच्या मांडीवर दिलं आणि बेळगावचा रस्ता धरला. संकेश्वर मागं पडल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "सावकाश घे रं." भावानं घेतली नाही. हत्तरगी यायच्या आत सगळं संपलं होतं. मी दवाखान्याच्या दारात वाट बघत उभी होते. गाडी आली, आईनं दार उघडलं, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं. भाऊ मात्र उतरेना. इंजिन चालूच होतं आणि त्याच्या हातातून स्टिअरिंग सुटत नव्हतं.

त्यानंतर गाडी आमच्या रिकाम्या वखारीत ताडपत्रीखाली गेली. चुलतभावांनी विकत मागितली, भावानं दिली नाही. चालवायलाही तयार नव्हता. उद्यमबागेतल्या फौंड्रीत तो कामाला आहे, दर शनिवारी एसटीनं गावी यायचा आणि वखारीचं दार आतून लावून घ्यायचा. मग एक दिवस आतून ग्राइंडरचा आवाज यायला लागला.

जपानात म्हणे अशा गाड्या करतात. त्यानं मला मोबाइलवर फोटो दाखवले होते. घरातल्या साध्यासुध्या गाड्या, पण पोट जमिनीला लागलेलं, चाकं वरून आत कललेली, मडगार्ड फुगवून रुंद केलेले, पुढच्या बंपरखाली फावड्याच्या पात्यासारखा लांब पट्टा. रस्त्यावर चालवायच्या नाहीतच त्या, ट्रकवर चढवून प्रदर्शनाला न्यायच्या. मला वाटलं, पोरगा नुसता बघतोय. त्यानं स्प्रिंगा कापल्या, दारांचे पत्रे उतरवले, फायबरचे मडगार्ड स्वतः बनवले, पुट्टी घासली, आणि आप्पांच्या पांढऱ्या गाडीला भडक जांभळा रंग दिला. ज्या गाडीनं अख्खं गाव दवाखान्यात पोचवलं, तिलाच आता ट्रकवर घालून न्यायची. मी डोक्याला हात लावला.

पाडव्याला वखारीत जाऊन मी त्याला फैलावर घेतलं. तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हणाले, "आप्पा असतं तर काय वाटलं असतं त्यांना?"

"आप्पा असतं तर केलंच नसतं, आक्का."

हातातला पॉलिश पेपर तो घडी घालत बसला. मग खाली बघून म्हणाला, "सावकाश घे म्हणालं ते. शेवटचं एवढंच मागितलं. मी खड्ड्यांतनं हाणली. ही गाडी आता जोरात जातच न्हाय बघ. घ्यायची म्हटली तरी न्हाय."

 मी विचारलं, "आई काही बोलली का तुला त्यावरनं?"

"एक शब्द न्हाय. त्येचीच तर भीती वाटते. तिच्या मांडीवर गेलं आप्पा, आणि चालवत मी व्हतो. तिला काय वाटतंय ते इचारायची छाती हुईत न्हाय माझी."

ऐकून माझा राग गेला असं नाही. पण बोलणं सुरू झालं.

आई त्या वखारीत पाऊल टाकत नव्हती. खंडेनवमीला मात्र आमच्याकडं गाड्यांची पूजा घरच्या बाईनंच करायची असते. ती ताट घेऊन आली, दारात थबकली, आणि गाडीभोवती एक पुरती फेरी मारली. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. आईनं जांभळ्या बॉनेटला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तिरक्या चाकाखाली लिंबू नीट बसेना, तर बोटानं दाबून बसवलं. नारळ फोडून झाल्यावर म्हणाली, "आता शेतात चला."

"पोट घासतंय आई. पुढचा पट्टा मोडल. पुढल्या आठवड्यात कोल्हापूरला प्रदर्शन हाय."

"मग गाडी घरची कशी हुयाची?"

तिनं मधलं दार उघडलं आणि सवयीनं पाट शोधला. पाटाची गरजच नव्हती. ती सरळ आत बसली. आतलं बाकी सगळं त्यानं काढून टाकलं होतं, पण मधलं सीट जसंच्या तसं होतं. आईनं त्यावरून हात फिरवला आणि भावाकडं बघितलं. तो निमूट गाडीत बसला.

वखारीपासून शेत जवळ आहे, पण वाट बैलगाडीची. दसऱ्याची साडी खोचून मी पुढं चालले, दगड उचलून बांधावर टाकत, मनात दोघांनाही शिव्या देत. गाडी माझ्या मागून मुंगीच्या पावलानं येत होती. ओघळीपाशी कडकन आवाज झाला. पट्टा तडकला होता. मी मागं वळून गाडीजवळ गेले. वर्षभर जपून केलेलं काम मोडलं, तरी भाऊ बघायला उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, दवाखान्याच्या दारात होते तसेच.

"थांबलास का?" आईनं मागून विचारलं.

"आई, आप्पा त्या दिवशी सावकाश घे म्हणालं. मी न्हाय घेतली."

 मला वाटलं, आता ती रडेल.

"त्यास्नी दुखत व्हतं म्हणून म्हणालं," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर डोस्कं व्हतं, मला ठावं हाय. तू त्यांचं ऐकून थांबला असतास, तर मी तुला कवाच माफ केलं नसतं. तवा हाणायलाच पायजे व्हती. आता घे सावकाश. आता कुटं पोचायचं न्हाय."

त्यानं गाडी पुढं घेतली. मी पुन्हा पुढं होऊन दगड उचलायला लागले, आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

शेताच्या कडेला त्यानं पुढचं चाक मातीत घातलं. चाक तिरकं, त्यामुळं आतली कडच तेवढी मातीला लागली. आई उतरली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि बघितलं.

"चालतीय तेवढी माती," ती म्हणाली.

तेव्हा कुठं भावानं स्टिअरिंग सोडलं आणि हुंदके देऊन रडायला लागला.